परत येताना घेतो तुला

७ सप्टेंबर

बुर्गी,

तुझे वडील आज सकाळी पुन्हा आमच्या फाटकाशी उभे होते. बूट घट्ट बांधलेले, पाठीवर पिशवी, हातात दोन्ही काठ्या. पँट गुडघ्यापर्यंत दवानं भिजलेली, म्हणजे रस्ता सोडून कुरणातून आले होते, लहानपणी आपण यायचो तसे. मी दुधाची किटली घेऊन परत येत होते. मला म्हणाले, "मेना, निघालो मी. सेव्हेरिनला खिंडीत बसवून आलोय, त्याला घेऊन येतो. जेवण झाकून ठेव."

अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला कोणी शिकवलेलं नाही. पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांच्या अंगावर ओरडले होते. दुसऱ्यांदा हाताला धरून चर्चमागे नेलं, मातीचा ढीग दाखवला, क्रूसावरचं माझ्या नवऱ्याचं नाव वाचायला लावलं. त्यांनी टोपी काढली, नाव वाचलं, आणि असे रडले की फादर आतून धावत आले. आज तिसऱ्यांदा सांगितलं. आजही त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. फाटकाचा खांब धरून खाली बसले आणि विचारलं, "कसा गेला? मी कुठे होतो?"

याचं उत्तर मी देणार नाही. तू त्यांची मुलगी आहेस. त्या दिवशी तू तिथे होतीस, मी नव्हते.

तू मातीला न थांबता ग्राझला निघून गेलीस. तेव्हापासून गावात जो तो आपापली हकीकत सांगतो. निदान आपल्या दोघींत तरी ती एकच असावी म्हणून लिहून काढते. ऑगस्टातल्या मेरीच्या सणानंतरचा रविवार. आपल्या गिर्यारोहण मंडळाची डोंगराच्या धारेवरची सहल, दर वर्षीसारखी. सगळ्यात पुढे तुझे वडील, आपले वेन्दलिनकाका, सगळ्यात मागे तू, मंडळाचं शेपूट. खिंडीत सेव्हेरिनचा गुडघा दुखायला लागला. काकांनी त्याला त्या सपाट दगडावर बसवलं आणि म्हणाले, "बस इथं. हलू नकोस. परत येताना घेतो तुला." असं ते आयुष्यभर कितीतरी जणांना म्हणालेत, आपल्यालाही म्हणालेत. आणि म्होरक्यानं बसवलेलं माणूस हलत नाही, हे आपल्याकडे पोरांनाही शिकवावं लागत नाही. मग तुम्ही शिखरावर क्रूसाला हात लावलात, एकमेकांचे हात हातात घेतलेत, काकांच्या बाटलीतला एकेक घोट घेतलात. आणि काका खिंडीकडे वळायचं सोडून पलीकडच्या अंगानं वरच्या गोठ्याकडे उतरायला लागले. पूर्वी कधीतरी आपण तसे उतरायचो. तुम्ही सगळे मुकाट त्यांच्या मागे गेलात, कारण म्होरक्याच्या पुढे कोणी जात नाही आणि त्याला वाट विचारत नाही. मग धुकं आलं, गारा आल्या. गोठ्यात शिरल्यावर कोणीतरी म्हणालं, सेव्हेरिन आभाळ बघून खाली गेला असेल, शहाणा आहे. सगळ्यांना ते पटलं. रात्रभर धुकं होतं, हेलिकॉप्टर उडेना. सकाळी तो सापडला तेव्हा त्याच दगडावर बसलेला होता, पिशवी मांडीवर घेऊन.

एवढंच ना? काही राहिलं असेल तर तू सांग.

एक राहिलंय. लाल जाकीट त्या सकाळी मीच त्याच्या पिशवीत कोंबलं होतं. तो सापडला तेव्हा त्याच्या अंगावर नुसता सदरा होता आणि पिशवीत जाकीट नव्हतं. मी तुला काही विचारत नाहीये.

ये आणि काकांना घेऊन जा. तुझ्या घरी ने, नाहीतर एखाद्या वृद्धाश्रमात ठेव. फक्त तिथल्या खिडकीतून धार दिसता कामा नये.

मेना


२१ सप्टेंबर

बुर्गी,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे.

काल गाई डोंगरावरच्या उन्हाळी कुरणातून खाली उतरल्या. या वर्षी एकीच्याही डोक्यावर फुलं नव्हती, आरसा नव्हता, रिबिनी नव्हत्या. वरच्या गोठ्याचं छप्पर सेव्हेरिननं घातलेलं, त्याच छपराखाली तुम्ही त्या दुपारी बसला होतात, म्हणून गोठेवाल्यांनीच ठरवलं की कोणी गेल्यावर करतात तसं यंदा गाई सजवायच्या नाहीत. नुसत्या घंटा वाजत होत्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक गप्प उभे, आणि सगळे माझ्याकडे बघायचं टाळत होते. इतक्या जणांनी एकदम आपल्याकडे बघायचं टाळलं की अंगावर काटा येतो.

काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. उघड्या डोक्यांच्या गाई बघून त्यांनी टोपी काढली आणि माझ्या कानाशी हळूच विचारलं, "कुणाकडे गेलं गं कोणी?"

मी म्हटलं, "कोणी नाही, काका. यंदा फुलंच आली नाहीत."

"असं होय," म्हणाले आणि टोपी घातली. मला वाटलं होतं खोटं बोलणं जड जाईल. गेलं नाही. हे केवळ त्यांनी भर रस्त्यात रडू नये म्हणून केलं, तू त्याचा दुसरा काही अर्थ काढू नकोस.

संध्याकाळी पिर्मिन आला होता. मंडळाचा अध्यक्ष म्हणून येणं भाग होतं त्याला. खुर्चीच्या कडेवर बसला, केकला हात लावला नाही. मी विचारलं, शिखरावरून वाट चुकली हे तुझ्या लक्षात आलं नाही? त्यानं हातातली टोपी फिरवली. मग म्हणाला, "आलं होतं. सगळ्यांच्याच आलं असेल. पण वाटलं, वेन्दलिनच्या मनात काहीतरी असेल. त्यानं इतकी वर्षं नेलंय आपल्याला. त्याला सगळ्यांसमोर कसं म्हणायचं, तू चुकलास म्हणून?"

नंतर म्हणाला, मेना, डोंगर आहे, डोंगरात होतं असं. मी त्याला दार उघडून दिलं.

डोंगरानं काय केलं, बुर्गी? डोंगर होता तिथेच होता. तुम्ही सगळी भली माणसं, एका म्हाताऱ्याची लाज राखत एकामागे एक उतरत गेलात. भल्या माणसांवर रागावता येत नाही. मी रोज प्रयत्न करते. रात्री दात इतके आवळते की सकाळी जबडा दुखतो, पण राग कोणाच्याच नावावर ठरत नाही.

तू वसंतात माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगत होतीस, बाबांनी मीठ समजून सूपमध्ये साखर घातली आणि चवीनं प्यायले. सेव्हेरिन म्हणाला, माझ्या बायकोच्या सूपपेक्षा बरंच लागत असेल. आपण तिघं किती हसलो होतो.

काका रोज येतात. मी त्यांना आत बोलावून कॉफी देते. फाटकाशी उभं ठेवणं बरं दिसत नाही म्हणून. कॉफी पिऊन झाली की कुठे निघालो होतो ते विसरतात आणि घरी जातात. तेवढ्यापुरतं निभतं. पण हे मी किती दिवस करायचं?

मेना


४ ऑक्टोबर

बुर्गी,

हे पत्र तरी वाच. बाकीची नाही वाचलीस तरी चालेल.

रविवारी एक जोडपं आलं, आउग्सबुर्गचं. हातात एरिकाच्या फुलांची कुंडी. दारात उभं राहून ती बाई म्हणाली, तुम्हाला भेटावं की नाही हेच ठरत नव्हतं. नवरा तिच्या मागे उभा, कोणीतरी आत घेईल की हाकलेल या विचारात असल्यासारखा.

त्या दुपारी धुक्यात ते दोघं खिंडीतून खाली चालले होते. गारा थांबून नुसता बारीक पाऊस लागला होता. दगडावर एक माणूस बसलेला, पूर्ण भिजलेला. ते म्हणाले, आमच्याबरोबर चला, हळूहळू उतरू. तो म्हणाला नको, मला न्यायला येणार आहेत. बाईनं विचारलं, तुमचं जाकीट कुठाय? तर म्हणाला, "ते शिखर बघायला गेलंय. मी गेलो नाही, निदान त्यानं तरी बघावं."

तो असंच बोलायचा. मी ते ऐकलं आणि हसले. त्या परक्या माणसांसमोर, तोंडावर हात ठेवून. तो गेल्यानंतर पहिल्यांदा.

ते दोघं थोडं खाली गेले, पण बाईला राहवेना. ती परत वर आली आणि म्हणाली, अहो चला, हे बरं दिसत नाहीये. तेव्हा तो हसला नाही. तिनं मला ते त्याच्याच शब्दांत सांगितलं. म्हणाली, तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीत. तो म्हणाला, "मी उठून गेलो तर म्हातारा या धुक्यात मला शोधत फिरेल. हल्ली त्याचं ध्यान राहत नाही. मी जागेवर सापडायला हवा."

त्याला माहीत होतं. आपण तिघं हसलो होतो, पण तो एकटाच तेवढ्यावर थांबला नव्हता. गुडघा दुखत होता हे खरं, पण तो उतरू शकला असता, बाईनं हात पुढे केला होता. तो काकांसाठी बसून राहिला. काका आपल्याला न्यायला येत आहेत, येताना वाट चुकतील, कड्यावरून पडतील, या भीतीनं तो तिथे गारठत बसला. आणि काका तेव्हा गोठ्यात शेकोटीजवळ बसून गाणी म्हणत होते. पिर्मिननं सांगितलं मला, त्या दिवशी त्यांना जुनी गाणी भराभर आठवत होती.

आता मी काय करू हे मला कळत नाही. त्या दोघांना जेवायला थांबवलं. दोघंही धड जेवले नाहीत. बाई जाताना माझा हात सोडेना. मी तिची समजूत काढत राहिले, तुमचा काही दोष नाही, तुमचा काही दोष नाही. तेच वाक्य तुला लिहायला बसले तर हात चालत नाही. पण चर्चच्या भिंतीवरच्या फळीवर मंडळानं त्या दिवसाचा फोटो लावला होता तेव्हापासून मला माहीत होतं. क्रूसापाशी तू उभी आहेस, लाल जाकिटात, बाह्या दुमडून. त्यांनी नंतर तो फोटो उतरवला, पण मी आधी बघितला होता. तुला थंडी वाजत असणार. तो म्हणाला असेल, घे, मी इथे उन्हात बसलोय, मला काय करायचंय.

तेव्हा ऊन होतं ना, बुर्गी? एवढं एक सांग. तू शेपूट होतीस, त्याच्याशी शेवटचं बोलणारी आपल्यातली तू. तू वळून बघितलंस तेव्हा तो उन्हात बसला होता, एवढं सांगितलंस तरी मला पुरे.

मेना


१६ ऑक्टोबर

बुर्गी,

आम्ही वर जाऊन आलो. काका आणि मी.

परवा सकाळी ते आले तेव्हा कॉफी ठेवली होती, पण मी ती ओतली नाही. बूट घातले. म्हटलं, चला काका, मीही येते. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाले, "मागे राहा, दगड सुटतात."

पायांना सगळं आठवतं त्यांच्या. कोणत्या मुळावर पाय द्यायचा, ओढा कुठे ओलांडायचा, दम खायला कुठे थांबायचं. ओढ्यापाशी त्यांनी मला थांबवलं, पिशवीतून सफरचंद काढून चाकूनं चिरलं आणि मोठी फोड मला दिली. पुन्हा चालायला लागल्यावर म्हणाले, "तुझा नवरा बरा माणूस आहे. बडबड्या आहे, पण बरा आहे." मी मागे चालत होते, म्हणून त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता. मागे चालण्याचा तेवढा एक फायदा असतो, तुला माहीत असेल.

लार्चची झाडं पिवळी पडलीत. धारेवर सावलीत थोडा बर्फ होता. खिंड जवळ आली तसे ते भराभर चालायला लागले. मला वाटलं, आता दगड रिकामा दिसला की हे कोसळतील, आणि मीही, आणि एका परीनं ते संपेल तरी. मी त्यासाठीच आले होते, हे मला तिथे पोचल्यावर कळलं.

दगड रिकामा होता. कोणीतरी त्यावर मेणबत्तीचा लाल डबा ठेवला होता, तो विझलेला. काका थांबले. दगडाभोवती फिरले. खाली दरीत बघून हाक मारली, नेहमीची, लांब. कोणी उत्तर दिलं नाही. मग माझ्याकडे वळले, आणि त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता, बुर्गी, इतका हलका. म्हणाले, "बघ, उतरला. आभाळ बघून खाली गेला. शहाणा आहे."

गोठ्यात त्या दिवशी म्हणालात तेच वाक्य. मी त्या दगडावर बसले. दगड गार होता. दोन्ही हातांनी कडा धरून बसले, तिथे त्यानंही धरलं असेल असं वाटत राहिलं. काका समोर उभे, काठ्यांवर रेलून, खूश. मला म्हणाले, "ऊठ आता. घरी वाट बघत असेल तो."

उतरताना ते शीळ घालत होते. मी त्यांच्या मागून आले. दुसरं काय करणार, म्होरक्या पुढे होता.

काल सकाळी मी खिडकीतून बघत होते. मनाशी म्हणत होते, आज येणार नाहीत, काल त्यांचं काम झालं. ते आले. बूट बांधून, काठ्या घेऊन. "मेना, निघालो मी. त्याला खिंडीत बसवून आलोय." आणि तुला खोटं का सांगू, मला बरं वाटलं. फाटक उघडायला मी अनवाणी धावले.

शेजारची रोझल म्हणाली की तू शहरातल्या आश्रमात त्यांच्यासाठी खोली घेतली आहेस, महिनाअखेर गाडी येणार आहे. सप्टेंबरातच फोन करून सगळं ठरवलंस म्हणे. म्हणजे माझं पहिलं पत्र तुला मिळालं आणि तू ते वाचलंस.

ते पत्र विसर. मी तेव्हा काय लिहीत होते ते मला कळत नव्हतं. त्यांना नेऊ नकोस. मी बघेन त्यांचं. कॉफी देईन, जेवायला घालीन, रात्री रोझलचा मुलगा त्यांच्याकडे झोपायला तयार आहे. मी त्यांना पुन्हा कधी काही सांगणार नाही, तूही येऊन सांगू नकोस. गावात सगळ्यांसाठी सेव्हेरिन गेलेला आहे. मंडळानं त्याच्या नावाची पाटीसुद्धा करायला टाकली आहे. एकट्या या माणसासाठी तो अजून वर बसलाय आणि त्याला आणायचं राहिलंय. मला तो दिवसातून एकदा, कॉफीच्या वेळेपुरता तरी, तसा हवा आहे.

उत्तर दे. नुसतं हो म्हण. फोन कर आणि काही न बोलता ठेवून दे, मी समजेन.

मेना


२ नोव्हेंबर

बुर्गी,

गाडी आली होती.

ते मंडळाची बस समजून चढले. ड्रायव्हर भला पोरगा होता, त्यानं त्यांना पुढच्या सीटवर बसू दिलं. काठ्या घेऊ दिल्या. काकांनी मागे वळून रिकाम्या सीटांकडे बघितलं आणि त्याला विचारलं, सगळे आले का? तो म्हणाला, आले. मी खिडकीपाशी गेले. मला वाटलं होतं निदान त्यांना हाक मारावी, उतरा म्हणावं. काय हक्कानं म्हणणार? त्यांनी काच खाली केली. माझ्याकडे नीट बघितलं. मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "दमलीस ना? बस इथं. हलू नकोस. परत येताना घेतो तुला."

गाडी पुलापलीकडे गेल्यावर मी बाकावर बसले. रोझल येऊन म्हणाली, आत चल, गारठशील. मी उठले नाही. नंतर उठले. उठावं तर लागतंच.

ड्रायव्हरनं तुझं पार्सल दिलं. वर तुझ्या अक्षरात माझं नाव, आत जाकीट, आणि दुसरं काही नाही. मी आधी सगळे खिसे चाचपले, एखादी चिठ्ठी असेल म्हणून. मग चेहऱ्यापाशी धरलं. तू ते धुतलंस, बुर्गी. साबणाचा वास येतोय. आतल्या खिशात त्याची सुताराची पेन्सिल होती, तीही धुतली गेली आहे, तिचा रंग अस्तराला लागलाय. तू किती वेळा धुतलं असशील ते मला कळतं. मला राग येत नाही. पण तू न धुता पाठवायला हवं होतंस.

आज आत्म्यांचा दिवस, गेलेल्यांच्या स्मरणाचा. सगळं गाव चर्चमागे दिवे घेऊन गेलं होतं. मी त्याच्यापाशी लाल मेणबत्ती लावली. तुझ्या आईलाही एक लावली, आता तिच्याकडे बघायला कोणी उरलं नाही म्हणून. पिर्मिन लांबून टोपी काढून उभा होता. फादरनी नावं वाचली. सेव्हेरिनचं नाव वाचल्यावर मी मान हलवली, हजेरीला हलवतो तशी.

धारेवर काल रात्री बर्फ पडला. सकाळी बघितलं तर खिंड बुजलेली, दगड कुठे आहे ते ओळखू येत नव्हतं. आता जूनपर्यंत तिथे कोणी जाणार नाही.

रोझल काकांना भेटून आली. म्हणाली, खोली छान आहे, उबदार आहे. खिडकीतून वाहनतळ दिसतो आणि एक भिंत. ते शांत बसून असतात, बूट काढून घेतलेत. त्यांनी कोणाबद्दलच विचारलं नाही. अगदी माझ्या पत्राप्रमाणे झालं सगळं.

मी अजूनही सकाळी फाटकाची कडी काढते. किटली घेऊन थोडा वेळ उभी राहते. कुरणावर दव असतं आणि त्यावर कोणाच्या पावलांची वाट उमटलेली नसते. मग आत येते आणि एकटीची कॉफी करते.

त्याला आणायला आता कोणी निघत नाही, बुर्गी.

मेना